उतरणे, लागणे, करमणे : मराठी विलायतवर्णनातील आगमनाची भाषा

मराठीत परदेशप्रवासावरील लेखन विपुल आहे. त्याची समीक्षा मात्र बहुधा ‘लेखकाने काय पाहिले’ ह्या एकाच प्रश्नाभोवती फिरत आली आहे. निसर्गवर्णन कितपत साधले, विनोद कोठे आला, परकी समाजाविषयी लेखकाची दृष्टी उदार की संकुचित, एवढे पाहून समीक्षक आपले काम संपवितो. पाहून परत येणाऱ्या प्रवाशाच्या बाबतीत ही कसोटी पुरेशी आहे. परंतु जो राहण्याच्या हेतूने परक्या किनाऱ्यावर पाऊल ठेवतो, ज्याला तेथे वर्ष-दोन वर्षे भाकरी मिळवावयाची किंवा विद्या संपादन करावयाची आहे, त्याच्या लेखनाचे मर्म ह्या कसोटीला सापडत नाही. त्याच्यापुढे दृश्यांची रांग नसते; एक अनोळखी घर असते, एक अनोळखी भाषा असते, आणि परतीची तारीख दूर असते. अशा माणसाचे पहिले दोन-चार दिवस कोणत्या शब्दांत उतरतात, आणि ते शब्द त्याने कोठून आणले, हा प्रश्न भाषाशास्त्राचा आहे तितकाच वाङ्मयाचाही आहे.

प्रथम शब्दांकडेच पाहावे. प्रवास करणाऱ्याला मराठीत जुना रूढ शब्द आहे ‘उतारू’. गाडीत किंवा बोटीत चढून बसलेल्या माणसालाही मराठी माणूस उतरणारा म्हणूनच ओळखतो. प्रवासाचे सारे सार त्याच्या शेवटात आहे, असा ह्या शब्दाचा अभिप्राय दिसतो. ‘उतरणे’ ह्या क्रियापदाचा दुसरा अर्थ मुक्कामाचा आहे. परगावी आलेल्या पाहुण्यास ‘कोठे उतरलात?’ असे विचारतात, तेव्हा त्याचे वाहन विचारीत नाहीत, बिऱ्हाड विचारतात. वाहनातून खाली येणे आणि कोणाच्या तरी छपराखाली राहणे ह्या दोन क्रिया मराठीने एकाच क्रियापदात ठेवल्या आहेत. ज्या समाजात प्रवास म्हणजे आप्ताच्या किंवा जातबांधवाच्या घरापर्यंतचा प्रवास, त्या समाजाची ही भाषा होय. मार्सेय किंवा ब्रिंडिसी येथे बोटीतून उतरलेल्या मराठी माणसाच्या बाबतीत मात्र ह्या दोन अर्थांची फारकत झाली. तो उतरला खरा, पण ‘कोठे उतरलात?’ ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

‘लागणे’ हे क्रियापद तर ह्याहून अधिक बोलके आहे. बोट धक्क्याला लागते, गलबत बंदराला लागते. येथे वाहन कर्ता आहे आणि किनारा त्याचे स्थान. ‘मला बोट लागली’ ह्या वाक्यात मात्र माणूस चतुर्थीत जातो, अनुभव घेणारा होतो, आणि बोट त्याच्यावर आघात करणारी शक्ती ठरते. आजही घाटातल्या प्रवासात ‘गाडी लागते’, ती ह्याच रचनेने. तिसरा प्रयोग ‘मन लागणे’ हा. ‘तेथे मन लागले’ म्हणजे परकेपण ओसरले. पोटात ढवळणे, किनारा गाठणे आणि परक्या ठिकाणी जीव रमणे ह्या तीन अवस्था एकाच क्रियापदाने सांगता येतात. दीर्घ परदेशवास करणाऱ्या माणसाच्या त्या क्रमाने येणाऱ्या तीन अवस्थाही नेमक्या ह्याच आहेत. मराठी लेखकांनी पहिल्या दोहोंवर पाने भरली आहेत. तिसरीवर ते क्वचितच थांबतात.

ह्याच कुळातले, पण अधिक घरगुती क्रियापद ‘करमणे’. ‘मला येथे करमत नाही’ ह्या वाक्यालाही कर्ता नाही. ज्याला करमत नाही तो पुन्हा चतुर्थीत आहे. करमणे ही माणसाने करावयाची गोष्ट नव्हे, ती त्याच्या बाबतीत घडते किंवा घडत नाही. ‘रुळणे’ ह्या शब्दात मात्र माणूस प्रथमेत येतो: ‘तो तेथे रुळला.’ परदेशी राहिलेल्या माणसाच्या लेखनात ‘करमणे’ मागे पडून ‘रुळणे’ केव्हा येते, हे जर कोणी पानांच्या क्रमाने मांडील, तर त्या लेखकाचा मानसिक इतिहास तारखांशिवाय कळेल.

हा शब्दविचार एखाद्या किनाऱ्यावर टेकवावयाचा, तर त्याकरिता भिवंडीसारखे दुसरे गाव नाही. आज भिवंडीचे नाव निघाले की यंत्रमाग आठवतात, आणि अलीकडे मुंबई-आग्रा मार्गाच्या आसपास पसरलेली अफाट गोदामे. पण हे गाव मुळात खाडीचे आहे. कामवारी नदीच्या काठी, उल्हास नदीच्या खाडीच्या आश्रयाने ते वाढले, आणि त्याच्या एका वस्तीचे नाव आजही ‘खाडीपार’ आहे. ‘खाडीपार’ आणि ‘सातासमुद्रापलीकडे’ ह्या दोन्ही शब्दांची घडण एकच: बोलणारा ह्या तीरावर आहे आणि सांगितलेली वस्तू पाण्याच्या त्या अंगाला. फरक एवढाच, की खाडीपारचा माणूस संध्याकाळी परत येतो.

१६५७च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली, आणि मराठी आरमाराचा आरंभ ह्याच खाडीत झाला. १६५९च्या सुमारास येथे लढाऊ जहाजे बांधण्याचे जे काम चालले होते, त्यावर रुई लैतांव व्हिएगस ह्या पोर्तुगीजाच्या हाताखाली पोर्तुगीज कारागीर होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांचे मन वळविले आणि ते काम टाकून निघून गेले. इतिहासकार ह्या प्रसंगाकडे आरमाराच्या दृष्टीने पाहतात, आणि ते योग्यच आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात दुसरी गोष्ट पाहावी. मराठी माणूस युरोपच्या बंदरात उतरण्याच्या कितीतरी आधी युरोपची दर्यावर्दी भाषा मराठी मुलखातल्या बंदरांत उतरली होती, आणि ती राहावयास आली होती. ‘आरमार’ हा शब्दच पोर्तुगीज. ‘कप्तान’ तोच, ‘पगार’ तोच, ‘चावी’ तीच. हे शब्द भिवंडीच्याच खाडीतून मराठीत शिरले असे म्हणण्यास आधार नाही. पण ते कशा प्रकारच्या जागी शिरले असतील, हे भिवंडीकडे पाहून कळते. एकाच लाकडावर दोन भाषांचे सुतार काम करीत आहेत, हुकूम एका भाषेत आणि हात दुसऱ्या भाषेचे, अशा जागी शब्द बदलतात. (जेथे आज गोदामांच्या रांगा आहेत, तेथे ‘गोदाम’ हा शब्दही पूर्वेकडील बंदरांतून पोर्तुगीजांच्या तोंडी बसून इकडे आलेला आहे. समुद्र हटला, शब्द राहिला.)

पोर्तुगीजांच्याही पूर्वी ह्या किनाऱ्यावर फारसी आणि अरबी शब्द येऊन स्थिरावले होते. ‘बंदर’ फारसी, ‘दर्या’ फारसी, ‘नाखवा’ हे फारसी ‘नाखुदा’चे मराठी रूप, ‘सुकाणू’ अरबी, ‘जहाज’ अरबी. ‘नांगर’ ह्या शब्दाची गंमत निराळी आहे. फारसी ‘लंगर’ मराठीत आला आणि शेतकऱ्याच्या नांगराशी एकजीव झाला. भूमी फोडणारे आणि भूमीला धरून ठेवणारे अशी दोन्ही अवजारे एका नावाची झाली. कोळी, आगरी, भंडारी, कोकणी मुसलमान ह्यांच्या बोलींत हा सारा शब्दसंग्रह नित्याचा होता. ग्रियर्सनच्या भाषापाहणीच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या मराठीविषयक खंडात उत्तर कोकणातल्या कोळी, आगरी इत्यादी बोलींची नोंद आहे. त्या बोली बोलणारा माणूस ‘पाणी’ न म्हणता ‘पानी’ म्हणतो, आणि शिष्ट मराठी वाचकाला त्यात केवळ ‘ण’चा अभाव ऐकू येतो. त्याच माणसापाशी समुद्राचे शब्द आपल्यापेक्षा अनेक पटींनी जास्त आहेत, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

शिष्ट भाषेचे हे दुर्लक्ष जुनेच आहे. शिवकालीन ‘राजव्यवहारकोशा’ने राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्याच्या वर्गांत दुर्गवर्ग आहे, शस्त्रवर्ग आहे, चतुरंगवर्ग आहे. आरमाराला मात्र स्वतंत्र वर्ग नाही. ज्या राजाने समुद्रात किल्ले बांधले त्याच्या कोशाची ही स्थिती! अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराला राज्याच्या स्वतंत्र अंगाचा मान मिळाला, हे खरे. पण तेथे बोलणारा अमात्य आहे. जहाज कसे राखावे हे तो सांगतो; जहाजावर माणूस कसा राहतो हे सांगण्याचे त्याला कारण नव्हते.

युरोपात प्रथम जाऊन राहिलेले मराठी भाषक कोण, हा प्रश्न येथेच उभा राहतो. पाठ्यपुस्तकी उत्तर वकिलांचे आहे. रघुनाथरावांनी पाठविलेला हणमंतराव १७८१ साली इंग्लंडात होता. एडमंड बर्कने त्याच्या सोवळ्याओवळ्याची सोय आपल्या घरी करून दिली, आणि परतल्यावर त्याला प्रायश्चित्त घ्यावे लागले. साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींचे वकील रंगो बापूजी १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनात राहिले. इतका दीर्घ वास त्या काळात दुसऱ्या कोणा मराठी गृहस्थाने केला असेल असे वाटत नाही. प्रबोधनकार ठाकरे ह्यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे त्यांचे चरित्र मराठी वाचकास परिचित झाले. परंतु वकिलाची लेखणी धन्याच्या कामाला बांधलेली असते. चौदा वर्षांच्या लंडनवासाचे प्रवासवर्णन त्यांच्याकडून मराठीला मिळाले नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

पण वकिलांच्या पलीकडे आणखी एक वर्ग होता, आणि तो संख्येने फार मोठा होता. तो म्हणजे खलाशांचा. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकवरील कामास रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी आणि भोजनगृहाच्या कामास गोव्याची माणसे घेण्याची प्रथा होती. लंडनच्या लाइमहाउस भागात १८५७ साली अशाच अडकून पडलेल्या पौर्वात्य खलाशांसाठी ‘स्ट्रेंजर्स होम’ उघडले गेले. मार्सेय, नेपल्स, लंडन ही नावे पुण्याच्या वाचकाला भूगोलातून कळली. कोकणातल्या कित्येक घरांना ती पगाराबरोबर कळली. ह्या लोकांची एक मिश्र भाषाही होती. टॉमस रोबक ह्याने १८११ साली तिचा कोश प्रसिद्ध केला. पुढे १८८२ साली त्याची सुधारलेली आवृत्ती ‘लस्करी कोश’ म्हणून निघाली. हिंदुस्तानीचे व्याकरण, फारसी-अरबी नावे आणि पोर्तुगीज आज्ञा असे तिचे स्वरूप. ओझे खाली सोडावयाचे तर ‘आरिया’ आणि वर ओढावयाचे तर ‘हबेस’, ह्या आरोळ्या यारीवर काम करणाऱ्यांच्या तोंडी फार काळ टिकल्या. त्यांपैकी ‘आरिया’ पोर्तुगीज आहे, आणि ती देणाऱ्याला आपण पोर्तुगीज बोलत आहो ह्याची जाणीवही नसे. मराठीचे युरोपशी जे सर्वांत दीर्घ आणि सर्वांत शारीरिक नाते होते ते ह्या माणसांच्या द्वारे होते, आणि मराठी प्रवासवाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे एक वाक्यही नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे पंडिता रमाबाईंच्या ‘इंग्लंडचा प्रवास’ ह्या पुस्तकाचे मोल अधिक स्पष्ट होते. १८८३च्या एप्रिलमध्ये दोन वर्षांची मुलगी मनोरमा आणि सोबतीण आनंदीबाई भगत ह्यांच्यासह त्या मुंबईहून निघाल्या आणि मे महिन्यात वाँटेज येथे पोहोचल्या. ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीचे पैसे प्रवासखर्चास उपयोगी पडले. तेथून त्यांनी प्रार्थनासमाजाचे सदाशिव पांडुरंग केळकर ह्यांना जे दीर्घ पत्र लिहिले, तेच त्या वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. वाँटेज हे समुद्रकिनाऱ्यावरचे गाव नव्हे, आणि रमाबाईही बंदराच्या वर्णनासाठी लिहीत नव्हत्या. पण राहावयास आलेल्या माणसाचे हे मराठीतील पहिल्या महत्त्वाच्या लेखनांपैकी एक आहे, आणि त्याचा घाट ह्या हेतूशी पूर्ण जुळतो.

तो घाट पत्राचा आहे, ही गोष्ट समीक्षकांनी अधिक गंभीरपणे घ्यावयास हवी होती. प्रवासवर्णनकाराला वाचक असतो. पत्रलेखिकेला जाब विचारणारा माणूस असतो. विधवा स्त्रीने, लहान मूल घेऊन, ख्रिस्ती भगिनीमंडळाच्या आश्रयाला समुद्रापलीकडे जाणे हे त्या काळी केवळ धाडस नव्हते. तो एक आरोप होता, आणि पत्र म्हणजे त्या आरोपाचे उत्तर. म्हणून ‘मी येथे कशी पोहोचले’ ह्याच्या बरोबरीने ‘मी का आले’ ह्याचे समर्थन त्यात येते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आनंदीबाई जोशी ह्यांनी श्रीरामपूर येथे अमेरिकेस जाण्याची कारणे भर सभेत सांगितली होती. दोघींना निघण्याचे कारण द्यावे लागले. त्या काळी विलायतेस गेलेल्या किती पुरुषांना असे भाषण करावे लागले, हे शोधून पाहण्यासारखे आहे.

रमाबाईंच्या गद्यावर संस्कृताचा भार आहे. त्यांचे बालपण पुराणवाचनाच्या भ्रमंतीत गेले, आणि मराठी ही त्यांना आई-वडिलांच्या तोंडून मिळालेली भाषा होती; शाळेत घोटवून घेतलेली नव्हे. त्यामुळे त्यांच्या वाक्यात एक विलक्षण गोष्ट घडते. समर्थन चालू असते तेव्हा वाक्य शास्त्रार्थाच्या चालीने जाते. अनुभव सांगावयाचा येतो तेव्हा तोच भार वाक्याला आखडतो. ह्याला दोष म्हणावे काय? एका अर्थी म्हणावेच लागेल. परंतु जी स्त्री आपल्या करमण्या-न करमण्याची गोष्ट लिहिती, तर तिच्यावर ‘बघा, पस्तावली’ असे म्हणणारे टपून बसले होते, तिने ती गोष्ट तत्समांच्या चिलखताआड ठेवली ह्यात नवल नाही. त्याच वर्षी सप्टेंबरच्या २९ तारखेस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोबतीण आनंदीबाई भगत ह्यांचा तेथेच, त्याच वर्षी, अत्यंत दुःखद अंत झाला होता. पत्राच्या वाचकाला हे माहीत नव्हते. आजच्या वाचकाला माहीत आहे, आणि म्हणून पत्रातील संयत वाक्ये आज निराळी ऐकू येतात.

विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माच्या अभ्यासासाठी निघाले आणि १९०३ साली परतले. त्यांनी प्रवासातून आणि विलायतेतून पत्रे लिहिली, आणि फार पुढे आत्मचरित्रात तेच दिवस पुन्हा सांगितले. सावरकरांच्या बाबतीतही असेच दुहेरी लेखन आहे: १९०६ पासून ‘विहारी’सारख्या पत्रांकडे पाठविलेली लंडनची बातमीपत्रे एका बाजूला आणि अनेक दशकांनंतर लिहिलेले ‘शत्रूच्या शिबिरात’ दुसऱ्या बाजूला. एकाच आगमनाची ही दोन वर्णने शेजारी ठेवून वाचण्याचा सराव आपल्याकडे नाही. पदवीपरीक्षेच्या दृष्टीने आत्मचरित्र हा ‘प्रकार’ निराळा आणि प्रवासवर्णन हा ‘प्रकार’ निराळा, म्हणून ती दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिकांत जातात. शिंदे जमखंडीचे, म्हणजे कानडी-मराठी सीमेवरचे. पुढे ह्या दोन भाषांच्या संबंधांवर त्यांनी लिहिले. दोन भाषांत वाढलेल्या माणसाचे कान तिसऱ्या भाषेच्या गावात निराळे चालतात, आणि त्यांच्या विलायतेच्या लेखनात हे कान कोठे कोठे लागले आहेत, हे पाहणे मोठे फलदायी ठरेल.

सावरकरांच्या लेखनात मार्सेय दोनदा येते. १९०६ साली ते तेथे उतरले, तेव्हा त्यांच्या दृष्टीने ते मॅझिनीचे गाव होते. १८३१ साली मॅझिनीने ‘तरुण इटली’ ही संस्था ह्याच शहरात, निर्वासित असताना काढली. परक्या शहरात जो अन्य एका परक्याची खूण शोधतो, त्याला त्या शहराशी कर्तव्य नसते. त्याचे खरे शहर पुस्तकात असते. दुसऱ्या वेळी, १९१०च्या जुलैच्या ८ तारखेस, ते मार्सेयच्या किनाऱ्याला लागले ते बोटीतून उडी टाकून. ‘उतरणे’ ह्या क्रियापदाचा मागमूसही नसलेले हे आगमन, आणि मराठी मनात मार्सेय कायमचे बसले ते ह्या उडीमुळे. हेगच्या लवादाने १९११च्या फेब्रुवारीत निकाल दिला तो त्यांच्या विरुद्ध.

ह्या दोहोंच्या मध्ये ब्रायटन आहे. १९०९ साली इंग्लंडच्या ह्या किनाऱ्यावरच्या गावात सावरकरांनी जी कविता रचली, ती मराठी घरात पाठ नाही असे क्वचितच. तिचा भाव ‘करमत नाही’ ह्या दोन शब्दांतला आहे, आणि तिची भाषा त्या शब्दांपासून शक्य तितकी दूर आहे. संबोधन समुद्राला आहे, पण ‘सागर’ ह्या संस्कृत नामाने. आणि आरोप असा, की त्याने परत आणण्याचे वचन मोडले. कोळ्याचा दर्या असा वचन देत नाही. तो भरतीला आणतो आणि ओहोटीला नेतो, आणि त्याच्याशी भांडण झालेच तर ते रोजच्या सोयऱ्याशी व्हावे तसे होते. ‘सागर’ हा शब्द निवडताच समुद्र व्यवहारातून उचलला जाऊन पुराणात जातो, आणि तेथे मात्र त्याच्याकडून वचनपालनाची अपेक्षा करता येते. कवितेचे सामर्थ्य ह्या निवडीत आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या निवडीची किंमतही आहे. पुढे भाषाशुद्धीच्या चळवळीने ज्या फारसी-अरबी शब्दांना परके ठरविले, त्या यादीला समुद्राइतके मोठे क्षेत्र दुसरे नव्हते. ‘बंदर’, ‘जहाज’, ‘दर्या’, ‘सुकाणू’, ‘खलाशी’ हे शब्द काढून टाकले, तर कोकणचा किनारा मराठीत मुका होईल. नौकेची भाषा शुद्ध राहू शकत नाही, कारण तिच्यावर काम करणारी माणसे एका गावची नसतात.

पुढील काळातील पुस्तकांविषयी विस्ताराने लिहिण्याचे प्रयोजन नाही. त्यांची नावेच पुरेसे बोलतात, आणि व्याकरणाच्या दृष्टीने ती वाचण्यासारखी आहेत. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०): एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या दिशेला तोंड, मध्ये कोठेही थांबा नाही. काणेकरांनी मराठी प्रवासवर्णनाला हलकेपणा दिला, तो असा न थांबणाऱ्याचा हलकेपणा आहे. गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९): ‘पलीकडे’ म्हणणारा अलीकडे उभा आहे, लेखक गेला तरी त्याच्या बोलण्याचा केंद्रबिंदू घरीच राहिला. पु. ल. देशपांडे ह्यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०): येथे नावात स्थळच नाही, आहे ती पाहणाऱ्याची मनःस्थिती. विलायतेच्या दबदब्याची थट्टा करीत करीत पु. लं.नी तो दबदबा मराठी मध्यमवर्गाच्या मनातून उतरविला, हे त्यांचे कार्य थोडे नव्हे. पण अपूर्वाई टिकत नाही, हा तिचा धर्मच आहे. सहा महिन्यांनी ती संपते, आणि मग जे उरते त्याला मराठीत नाव काय? मीना प्रभू ह्यांच्या ‘माझं लंडन’ ह्या नावात षष्ठीचा संबंध प्रथमच उलटा झाला. गाव लेखिकेचे झाले. हे नाव देण्याचा अधिकार दीर्घ वास्तव्याशिवाय मिळत नाही, आणि त्या पुस्तकाचे यश ह्या अधिकारात आहे. ‘शत्रूच्या शिबिरात’ ह्यातील सप्तमी आणि ‘माझं लंडन’ ह्यातील षष्ठी ह्यांच्यामध्ये मराठीच्या विलायतेशी असलेल्या संबंधाचा पाऊणशे-शंभर वर्षांचा इतिहास साठला आहे.

दरम्यान बंदर गेले. १९४८च्या जूनमध्ये मुंबई-लंडन विमानसेवा सुरू झाली आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत उतारूंच्या बोटी बंद पडल्या. तीन आठवड्यांचा जलप्रवास हा परकेपणाची सवय लावणारा उंबरठा होता. एडनला पाहिले, सुवेझला पाहिले, मग युरोप. विमानातला माणूस रात्री झोपतो आणि सकाळी परका होतो. विमान ‘लागत’ नाही असे नाही, पण ते धक्क्याला लागत नाही. आजच्या विद्यार्थ्याच्या लेखनात म्हणूनच आगमनाचे दृश्य आक्रसले आहे, आणि राहण्याचे दृश्य मोठे झाले आहे: खोली, भाडे, स्वयंपाकघराची वाटणी, पहिला हिवाळा. विषय मिळाला आहे. शब्द अद्याप शोधावयाचे आहेत.

ह्यावर असा आक्षेप येईल, की खलाशांची बोली आणि शिष्टांचे प्रवासवर्णन ह्यांचा संबंध जोडणे हे भाषाशास्त्राचे हौसेचे काम झाले. वाङ्मय लिहिणारा लेखक आपल्या भाषेत लिहितो, आणि त्याने ‘नाखवा’ हा शब्द वापरला नाही म्हणून त्याचे अनुभवविश्व उणे ठरत नाही. आक्षेप वजनदार आहे. एकेका पुस्तकापुरता तो मान्यही करता येईल. रमाबाईंनी कोळ्याची भाषा बोलावी अशी अपेक्षा करणे हास्यास्पद होईल. पण वाङ्मयाचा इतिहास लिहिताना एकेका पुस्तकाचा विचार पुरत नाही. शंभर वर्षांच्या लेखनात जर समुद्र सतत ‘अथांग’ आणि ‘विशाल’च राहिला, कामाचा आणि पगाराचा कधी झाला नाही, तर ती लेखकांची वैयक्तिक रुची नाही. भाषेच्या कोणत्या बोलणाऱ्यांना लेखणी मिळाली, ह्याची ती खूण आहे. शिवाय धर्मशास्त्राचा प्रश्न आहेच. ‘काळे पाणी’ ओलांडल्याचे पाप हा रमाबाईंच्या काळी जिवंत विषय होता. रत्नागिरीच्या मुसलमान खलाशाला, गोव्याच्या ख्रिस्ती आचाऱ्याला तो विषयच नव्हता. आणि १९१३ साली समुद्र ओलांडणाऱ्या डॉ. आंबेडकरांना ज्या व्यवस्थेने आधीच बाहेर ठेवले होते, तिच्या प्रायश्चित्ताचे भय असण्याचे कारण नव्हते. आंबेडकरांनी परदेशातून आप्तांना आणि सहकाऱ्यांना लिहिलेली पत्रे प्रवासवाङ्मय म्हणून कोणी वाचीत नाही. समुद्रप्रवासाचा अपराधी भाव हा ‘मराठी’ भाव म्हणून शिकविला जातो. तो मराठी समाजाच्या एका भागाचा होता.

पदव्युत्तर वर्गात प्रवासवर्णन हा विषय शिकविताना ‘इंग्लंडचा प्रवास’ आणि रोबकचा कोश एकाच सत्रात हाती द्यावेत. एकात राहावयास गेलेल्या बाईची वाक्ये आहेत, तिच्या मागे काम करणाऱ्यांचे शब्द नाहीत. दुसऱ्यात काम करणाऱ्यांचे शब्द आहेत, पण कोणाचेही वाक्य नाही; आज्ञा तेवढ्या आहेत, ज्यांना त्या दिल्या गेल्या त्यांचे उत्तर नोंदलेले नाही. विद्यार्थ्याने कोशातील एकेक आज्ञा घ्यावी आणि ती कोकणी मुसलमानी, आगरी किंवा कोळी बोलीत कोणत्या रूपाने उतरली ते भिवंडी, कल्याण, पनवेल येथे खाडीकाठच्या वस्त्यांत जाऊन विचारावे. घरात कोणी बोटीवर होते काय, हेही त्याच वेळी विचारावे, आणि ज्या घरी होते त्या घरी जुनी पत्रे, जहाजाचे दाखले, मनीऑर्डरीच्या पावत्या असतील तर त्या कोणत्या लिपीत लिहिल्या आहेत ते पाहावे. काही उर्दूत असतील, काही मोडीत, काही पोर्तुगीज वळणाच्या रोमी लिपीत. लिपी वाचता येत नाही म्हणून त्यांना मराठीच्या अभ्यासाबाहेर टाकू नये.